उरलेली नऊ मिनिटं

माझ्या उजव्या हाताची मधली तीन बोटं आता मिटत नाहीत. शेजारीण विचारते, "अगं बाई, हे काय झालं हो?" मी म्हणते, दारात सापडली. खोटं नाही, दारातच सापडली. दार कुणी लावलं आणि किती मोजून लावलं, हे तिला सांगत बसले तर तिची गॅसवरची भाजी करपेल. तुम्ही जरा निवांत दिसता, म्हणून तुम्हाला सांगते. आणि मध्येच "बिचारी" वगैरे म्हणू नका. मला चीड येते.

पालक आधार केंद्रात मी सतरा वर्षं नोकरी केली. सरकारी योजना. नवीन मूल झालेल्या घरी जाऊन आईला धीर द्यायचा, बापांचे वर्ग घ्यायचे, आणि ज्यांचं घर फुटलंय त्यांच्यासाठी भेटीची खोली चालवायची. कोर्टाने ठरवून दिलेलं असतं, बापाने मुलाला भेटावं, आईला भेटू नये, आणि मुलाला भेटताना कुणाची तरी नजर असावी. ती नजर म्हणजे मी. बापांचा बारा आठवड्यांचा वर्गही माझ्याच गळ्यात. मुलाशी बोलताना त्याच्या उंचीला खाली बसा, राग आला तर आधी तोंडाने सांगा, मग श्वास घ्या, मग दहा अंक मोजा. हे मी शिकवायचे. मी स्वतः जन्मात कधी दहापर्यंत पोचले नाही. माझं डोकं तीनलाच फिरतं. ऑफिसात मला माघारी 'तोफ' म्हणायचे, तोंडावर 'ताई'.

केंद्र तळमजल्यावर होतं. पुढचं दार रस्त्यावर, मागचं दार बोळात. मध्ये भेटीची खोली. विटलेला गालिचा, खेळण्यांचं खोकं, चाक निघालेला ट्रक, दोन बुटक्या लोखंडी खुर्च्या मुलांसाठी आणि एक मोठी माझ्यासाठी. नियम सोपा. आई मागच्या दाराने मुलाला आणून सोडणार, बाप पुढच्या दाराने येणार. भेट संपली की आई मूल घेऊन मागच्या दाराने निघणार आणि बाप पुढच्या बाकावर पंधरा मिनिटं बसून राहणार. त्या पंधरा मिनिटांत आईने बोळ ओलांडायचा, थांबा गाठायचा आणि बसमध्ये चढायचं. कुणीतरी खरोखर चालून बघून तो आकडा ठरवला होता. कागदावर छान दिसतो म्हणून नव्हे.

आता वहीचं सांगते, कारण सगळं रामायण त्या वहीचं आहे. वहीत आल्याची वेळ, गेल्याची वेळ आणि सही. खाडाखोड अजिबात चालत नाही. तपासणीला येणारे साहेब खाडाखोडीवरच बोट ठेवतात. पोर हसलं की रडलं याचं त्यांना सोयरसुतक नाही. म्हणून आमच्याकडे एक पद्धत पडली होती. महिन्याच्या पहिल्या सोमवारी चहाचा कप बाजूला ठेवून अख्ख्या महिन्याच्या वेळा आधीच भरून टाकायच्या. दर मंगळवारी, बाप आला तीनला, गेला सव्वाचारला. त्या त्या दिवशी फक्त सह्या घ्यायच्या. अक्षर टपोरं, पान स्वच्छ. मी नोकरीला लागले तेव्हाच ही पद्धत होती, आणि मला त्यात काडीचंही वावगं वाटलं नाही. नियम पाळतोय ना आपण? मग वेळ आधी लिहिली काय आणि नंतर लिहिली काय!

त्या वर्षी मंगळवारी तीनची भेट एका नळवाल्याची असायची. हाताने कामसू, बोलायला साखर. त्याच्या बायकोला मी शिवणवाली म्हणायचे, गणवेश शिवायच्या कारखान्यात ती बाह्या जोडायची. फाइल मी वाचली होती. गळ्याजवळचं हाड एकदा मोडलेलं, पाठीवर गरम पाण्याचे फोड, डाव्या हाताचं बोट वाकडं. त्या बोटापुढे दवाखान्याने तिच्याच शब्दांत लिहिलं होतं, 'दारात सापडलं'. मुलगी पाच वर्षांची. ती खुशीत आली की स्वतःभोवती गरगर फिरायची, म्हणून मी तिला भिंगरी म्हणायचे. आई तिच्या बुटांचे बंद बांधेपर्यंत तिचं फिरणं चालूच असायचं, आणि आई वैतागून म्हणायची, "अगं उभी राहा गं, बाई माझी!"

बाप खोलीत आला की भिंगरी थांबायची. गालिच्यावर मांडी घालून बसायची, हात मांडीवर. तो म्हणेल ते चित्र रंगवायची, तो म्हणेल त्या रंगाने. मी अहवालात लिहिलं, 'मुलगी वडिलांच्या सहवासात शांत असते.' शांत! अहो, शांत कसली, थिजलेली होती ती. सतरा वर्षं पोरं बघणाऱ्या बाईला हे कळू नये? कळलं नाही. कळून घ्यायचं नव्हतं म्हणा, कारण मला तो आवडायचा. बारापैकी बारा वर्गांना हजर राहिलेला माझा हा पहिला बाप. बाकीचे यायचे ते जांभया द्यायला आणि बायकांना शिव्या घालायला. हा वही उघडून लिहून घ्यायचा. केंद्राचा नळ दोन महिने गळत होता, तो त्याने न सांगता दुरुस्त केला, हात पँटच्या मागच्या बाजूला पुसले, आधी एक, मग दुसरा, आणि म्हणाला, "ताई, तुम्ही आमची घरं दुरुस्त करता, मी तुमचा नळ करतो." मी विरघळले. शेवटच्या वर्गाला त्याला प्रमाणपत्र दिलं तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्या मी वाजवल्या.

एकदा सही करताना तो म्हणाला होता, "ताई, तुमचं अक्षर काय सुरेख आहे हो! आणि वेळेच्या बाबतीत तर तुम्ही घड्याळाच्याही पुढे." मी हसले. मला वाटलं, कौतुक करतोय.

त्या मंगळवारी चारला शिवणवाली भिंगरीला घेऊन मागच्या दाराने निघाली आणि दाराबाहेर बोळातच तिच्या बुटांचे बंद बांधायला थांबली. नळवाला बाकावर बसला. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे केंद्राच्या प्रमुख, वरच्या मजल्यावर बैठकीत होत्या. मी एकटी. पाचेक मिनिटं झाली आणि तो उठला. "ताई, एका म्हातारीच्या घरात पाइप फुटलाय, पाणी पार पलंगाखाली गेलंय. आज जरा आधी सोडाल का? इतक्या महिन्यांत कधी मागितलं नाही." खरंच मागितलं नव्हतं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, चार वाजून सहा मिनिटं. वही पुढे केली. त्याने सव्वाचारच्या आकड्यापुढे सही केली, हेल्मेट उचललं आणि "उपकार झाले" म्हणून गेला.

मी कप धुवायला मागे गेले. नळ सोडला आणि बोळातून आवाज आला, ओलं पोतं बडवल्यासारखा. एकदा, दोनदा. मग एक किंकाळी, आणि ती मध्येच तुटली. मी मागच्या दाराची कडी काढली.

शिवणवाली पालथी पडली होती. तिच्यावर हेल्मेट घातलेला एक माणूस वाकला होता, काळी काच खाली ओढलेली, हातात पाइप आवळायचा लांब पाना. तो तिच्या डोक्यात घालत नव्हता. त्याने तिचे केस धरून तोंड वळवलं आणि जबड्यावर मारला. बरोबर नेम धरून, खिळा ठोकतात तसा. दात उडून माझ्या पायाशी आले. तिने हात मध्ये घातला तर हातावर मारला, आणि हाड मोडल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला. भिंगरी भिंतीला पाठ लावून उभी होती, एका बुटाचा बंद सुटलेला, आणि तिच्या तोंडातून आवाजच निघत नव्हता.

माझ्या तोंडातून कुठल्या शिव्या निघाल्या ते इथे सांगत नाही. आत धावले, मुलांची लोखंडी खुर्ची उचलली आणि बाहेर येऊन जीव खाऊन त्याच्या पाठीत घातली. तो गुडघ्यावर आला. दुसऱ्यांदा घालणार तोच त्याने पाना फिरवला, माझ्या खांद्यावर बसला आणि मी भिंतीवर जाऊन आदळले. तो उठला. घाई नाही, काही नाही. मोटरसायकलवर बसण्याआधी त्याने हात पँटच्या मागच्या बाजूला पुसले. आधी एक, मग दुसरा.

चेहरा दिसला नव्हता, पण मला काही दिसायचं बाकी राहिलं नव्हतं.

मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. जबडा एका बाजूला लोंबत होता आणि रक्त माझ्या हातातून खाली चाललं होतं. भिंगरीला म्हटलं, "डोळे मीट गं, सोन्या, डोळे मीट." तिने मिटले नाहीत.

ॲम्ब्युलन्स गेली आणि पोलीस साहेब केंद्रात येऊन बसले. मला विचारलं, "ओळखलंत का?" मी म्हटलं, "हेल्मेट होतं." "गाडीचा नंबर?" "चिखल फासला होता." मग त्यांनी विचारलं, "नवरा कुठे होता?" मी तोंड उघडायच्या आत मोठ्या बाईंनी वही समोर ठेवली. त्या जिन्यावरून धावत आल्या होत्या, अजून धापा टाकत होत्या. "सव्वाचारपर्यंत इथे बाकावर. हे बघा, सही आहे." साहेबांनी आपल्या कागदात बघितलं. एका दुकानदाराने फोन केला होता, तो चार वाजून अकरा मिनिटांनी. त्यांनी त्या पानाचा फोटो काढला आणि मला विचारलं, "बरोबर ना, ताई?"

मी मान हलवली.

हो, मीच. जिला ऑफिस तोफ म्हणतं ती. माझ्या कपड्यांवर त्या बाईचं रक्त सुकत होतं आणि मी मुंडी हलवली. भीतीने. सतरा वर्षांत पहिल्यांदा माझी बोलती बंद झाली, आणि झाली ती नेमकी तेव्हाच.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं आणि त्या चक्क रडल्या. वाईट बाई नाहीत त्या, हे आधीच सांगते. म्हणाल्या, "एक पान खोटं ठरलं की सगळ्या वह्या खोट्या. तीस घरांचे निकाल या वह्यांवर उभे आहेत. उद्या सगळे बाप वकील घेऊन दारात उभे राहतील. त्या बायकांचं काय करायचं, सांग मला?" त्यांचं म्हणणं खोटं असतं तर मी तिथल्या तिथे भांडले असते. मी म्हटलं, "पोलीस शोधतीलच त्याला." म्हटलं आणि घरी येऊन पडले. खांदा सुजून भोपळ्याएवढा झाला होता, आणि डोळे मिटले की तो एका बुटाचा सुटलेला बंद दिसायचा.

पोलीस कसले शोधतायत त्याला! शुक्रवारी सकाळी ऑफिसात गेले तर टेबलावर हुकूम. आई रुग्णालयात बेशुद्ध, मुलगी तात्पुरती सरकारी बालगृहात. वडिलांनी पालक वर्ग शंभर टक्के हजेरीसह पूर्ण केला आहे, भेटींचे अहवाल समाधानकारक आहेत. सबब मुलगी वडिलांच्या ताब्यात द्यावी. अकरा वाजता, आमच्याच केंद्रात. साक्षीदार म्हणून सही माझी.

मी ते तीनदा वाचलं. 'मुलगी शांत असते', हे माझंच वाक्य होतं तिथे, अवतरणचिन्हात.

साडेदहाला मी फायलींच्या खोलीत होते. तिथे एक लोखंडी कपाट आहे, जाडजूड दाराचं, पूर्वी कुठल्याशा तिजोरीसाठी केलेलं. मी डाव्या हाताने फाइल काढत होते, उजवा हात कपाटाच्या चौकटीवर. मागे चाहूल लागली. नळवाला. दाढी गुळगुळीत, इस्त्रीचा शर्ट, हातात भिंगरीसाठी नवी गुलाबी, स्टीलची पाण्याची बाटली.

"ताई, सही तेवढी झटकन करून टाकू. पोरीला भूक लागलेली असेल."

"मी सांगणार आहे," मी म्हटलं.

"काय सांगणार?"

"चार वाजून सहा मिनिटं."

तो हसला. "वहीत सव्वाचार आहे. अक्षर तुमचं आहे."

"नोकरी जाईल ना? जाऊ दे. खड्ड्यात गेली नोकरी. पण ती पोर तुझ्या हातात पडू देणार नाही मी. मेल्या, बारा वर्ग बसवला तुला, तुझ्यासाठी टाळ्या वाजवल्या!"

त्याने बाटली फळीवर नीट ठेवली. मग चौकटीवरचं माझं मनगट धरलं. पकड पान्यासारखीच.

"ताई, मला राग येतोय," तो म्हणाला, अगदी वर्गात शिकवलं होतं त्या आवाजात. "राग आला की आधी सांगायचं. बरोबर? मग श्वास." त्याने श्वास घेतला. "मग दहा. एक. दोन. तीन."

सांगते, पहिले पाच अंक होईपर्यंत मला वाटलं, खरंच मोजून शांत होतोय. शिकवणारी बाई ना मी! माझा माझ्या शिकवण्यावर विश्वास होता. सातला त्याने दुसरा हात कपाटाच्या दारावर ठेवला आणि मला समजलं. मी हात ओढला. ओरडले. वरच्या मजल्यावर कसलंसं ड्रिलिंग चाललं होतं.

"आठ. नऊ. दहा."

दार लागलं. पहिल्यांदा दुखलं नाही, नुसता आवाज आला, सुक्या काटक्या मोडल्याचा. मग दुखलं. त्याने दार उघडलं आणि पुन्हा लावलं. मी गुडघ्यांवर आले, उलटी झाली. बोटं होती तिथे काहीतरी निळं-लाल लोंबत होतं आणि एका नखाचा पत्ता नव्हता. तो माझ्या उंचीला खाली बसला. तेही मीच शिकवलेलं.

"कुणी विचारलं तर म्हणायचं, दारात सापडली," तो म्हणाला. "बायका तसंच म्हणतात." मग बाटली उचलून बाहेर गेला.

मी फाइल बांधायची फीत तोंडात धरून मनगटाला आवळली. हात ओल्या फडक्यात गुंडाळला. दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली, दोनदा भिंतीवर डोकं आपटून घेतलं. म्हटलं, आता पडलीस तर मेलीस, बये. ती तीनलाच डोकं फिरणारी तोफ कुठे गेली? ऊठ.

बाहेर आले तेव्हा बालविभागाच्या अधिकारी बाई भिंगरीला घेऊन आल्या होत्या. सोबत नियमाप्रमाणे एक पोलीस, मोठ्या बाई खुर्चीत. नळवाला गुडघ्यांवर बसला होता, हात पसरून, चेहऱ्यावर माया. "ये ना, बेटा. बघ, बाबांनी काय आणलंय." भिंगरी हलली नाही. तिच्या पायांतून एक ओघळ आला आणि फरशीवर पसरला. अधिकारी बाई म्हणाल्या, "अगं, घाबरू नको, बाबाच आहेत."

"बाबाच आहेत म्हणूनच मुतली ती," मी म्हटलं.

सगळे वळले. माझ्या हाताचं फडकं आता फडकं राहिलं नव्हतं. मोठ्या बाई अर्ध्या उठल्या. मी म्हटलं, "मंगळवारी हा चार वाजून सहा मिनिटांनी इथून गेला. मी सोडला. त्यानेच तिला मारलं, आणि हे आत्ता त्यानेच केलं."

नळवाला उठला. डोळ्यांत खरोखरचं पाणी. "ताईंची तब्येत बरी नाही, साहेब. हात दारात सापडलाय त्यांचा. आणि वही आहे ना? वही कोर्टाने मान्य केलीय."

अधिकारी बाई गोंधळल्या. "पण ताई, वहीत सव्वाचार..."

मी वही डाव्या हाताने ओढली आणि त्यांच्यासमोर आपटली. "मंगळवारचं पान बघितलंत. आता पुढचं उलटा."

त्यांनी उलटलं. पुढच्या मंगळवारचं पान, माझ्याच टपोऱ्या अक्षरात. मुलीचे वडील आले तीनला, गेले सव्वाचारला.

"आज शुक्रवार," मी म्हटलं. "तो मंगळवार अजून उजाडलासुद्धा नाही, बाई. आणखी उलटा. महिना संपेपर्यंत हा सव्वाचारलाच गेलाय. सगळं खोटं आहे. आधीच भरून ठेवतो आम्ही. सतरा वर्षं."

मोठ्या बाईंनी तोंड ओंजळीत घेतलं. अधिकारी बाई पानं उलटत राहिल्या, आणि शेवटच्या भरलेल्या पानाला त्यांनी नळवाल्याकडे बघितलं. पोलीसही बघत होता.

तेव्हा पहिल्यांदा त्याने मोजलं नाही. त्याने भिंगरीचा हात धरून हिसडा दिला, खांद्यातून काहीतरी सटकलं, आणि पोर किंचाळली. तीन दिवसांनी तिच्या घशातून निघालेला तो पहिला आवाज. तिला काखेत मारून तो दाराकडे धावला. मी आडवी गेले. हात तर नव्हताच, म्हणून दात वापरले. त्याच्या मनगटाचा असा चावा घेतला की हाडापर्यंत गेला. त्याने बाटलीने माझं डोकं फोडलं, दोनदा, तीनदा. मी सोडलं नाही. तोंडात त्याचं रक्त, डोळ्यांत माझं. भिंगरी त्याच्या हातातून निसटून खाली पडली, पोलिसाने त्याला मागून आवळलं, आणि दोघं खेळण्यांच्या खोक्यावर कोसळले. पोलिसाने त्याचं तोंड फरशीवर दाबून धरलं तरी तो ओरडत होता, "बारापैकी बारा! बारापैकी बारा हजेरी आहे माझी!"

पुढचं थोडक्यात. मोटरसायकलच्या खोक्यात पाना सापडला. तो आत आहे. माझी नोकरी गेली, जायलाच हवी होती. मोठ्या बाईंचीही गेली. आणि त्या म्हणाल्या होत्या ते अक्षरशः खरं ठरलं. सगळ्या वह्या रद्द झाल्या, आणि कितीतरी बाप वकील घेऊन आले. त्यातल्या एकाला त्याची मुलं परत मिळाली. त्या घराचं नाव मला माहीत आहे आणि मी रोज पेपर उघडताना घाबरते. याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

शिवणवाली बाराव्या दिवशी शुद्धीवर आली. मी गेले. तिचा जबडा तारांनी बांधलेला, एक हात प्लॅस्टरमध्ये, उशाशी वही आणि पेन्सिल. भिंगरी खांद्याला पट्टा बांधून पलंगाच्या कडेला बसली होती, हात मांडीवर. फिरत नव्हती. मी आधी ठरवून गेले होते की माझा हात दाखवायचा नाही, पण नजर गेलीच तिची. तिने स्वतःचं वाकडं बोट माझ्या बँडेजवर ठेवलं, काढलं.

मग मी सगळं सांगितलं. वही, घड्याळ, म्हातारीच्या घरातला पाइप, मान हलवली ते. एक शब्द गाळला नाही. तिने पेन्सिल घेतली. लिहायला खूप वेळ लागला.

'बस चार दहाला येते.'

"माहीत आहे," मी म्हटलं.

'किती मिनिटं आधी सोडलं?'

"नऊ."

ती त्या आकड्याकडे बघत राहिली, जणू मी तो हवेत लिहिला होता. मग लिहिलं, 'का?'

वाटलं, काहीतरी सांगावं. काम होतं, घाई होती, नियम कुणीच पाळत नाही. पण तिच्यापुढे खोटं बोलायला जीभ रेटेना. "मला तो चांगला वाटायचा," मी म्हटलं.

तिने पेन्सिल पुन्हा टेकवली. 'मलाही वाटायचा,' तिने लिहिलं. मग वही मिटली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.